जनावर महागलं तरी तोटा, स्वस्त झालं तरी तोटा

मोठ्याचं गोश्त महागलं की गिऱ्हाईक आधी दुकानदाराला बोल लावतं. पण आपल्या कुरेशी भावांच्या गल्ल्यात शेवटी उरतं किती, हा हिशोब आपण क्वचितच करतो.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. 2015 च्या दुरुस्तीने बैल आणि वळूंवरही आली. आता सगळा धंदा म्हशी-रेड्यांवर उभा आहे, तोही दाखला मिळाला तर. त्यात निर्यातीचे मोठे कारखानेही म्हशीच घेतात. 2023-24 मध्ये देशातून सुमारे 31 हजार कोटी रुपयांचं म्हशीचं मांस परदेशात गेलं. बाहेरची मागणी वाढली की बाजारात बोली चढते आणि छोट्या दुकानदाराला त्याच भावाने माल घ्यावा लागतो.

समजा, एका म्हशीचं 150 किलो गोश्त निघतं. जनावर 6 हजारांनी महागलं, तर किलोमागे 40 रुपये वाढले. पण दुकानदार एकदम 40 रुपये वाढवू शकत नाही. गिऱ्हाईक कष्टकरी आहे, ते चिकनकडे वळतं. मग फरक दुकानदारच सोसतो. कातड्याला भाव मिळाला तर थोडी भरपाई, नाहीतर तीही नाही.

मग जनावर स्वस्त झालं तर फायदा? 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये उलटंच दिसलं. गोरक्षणाच्या नावाखाली गाड्या अडवणं, मारहाण, जप्ती याला कंटाळून कुरेशी बिरादरीने राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली. शेतकऱ्याच्या भाकड म्हशीला गिऱ्हाईक मिळेना, भाव पडले. पण त्या पडलेल्या भावाचा उपयोग कोणाला? गोश्ताची दुकानंही बंदच होती.

म्हणजे भाव फक्त मागणी-पुरवठ्यावर ठरत नाही, रस्त्यावरच्या भीतीवरही ठरतो. गाडी सुखरूप पोहोचेल याची खात्री नसली की ड्रायव्हर जादा भाडं मागतो, व्यापारी शेतकऱ्याला कमी देतो आणि गिऱ्हाइकाला जास्त मोजावे लागतात. मधला फरक ही जोखीमच खाऊन टाकते.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. खरेदीची पावती, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, वाहतुकीचे कागद आपण चोख ठेवूया. पण ते तपासायचं काम पोलिसांचं आणि सरकारी अधिकाऱ्यांचं आहे, टोळक्यांचं नाही, हे सरकारने रस्त्यावर दाखवून द्यावं. आणि ही मागणी शेतकऱ्यांना सोबत घेऊन करूया. नुकसान त्यांचंही तेवढंच आहे.