राजा गेला, मत आले. सत्ता पाड्यापर्यंत पोहोचली का?

जव्हार : एका व्यक्तीच्या किंवा एका पक्षाच्या हाती एकवटलेली सत्ता लोकांच्या हाती कशी सोपवावी, हा प्रश्न निघाला की चर्चा तैवान, मेक्सिको, इराक अशा देशांकडे वळते. मात्र या प्रश्नाचे एक उत्तर आणि त्या उत्तरातील अपुरेपण पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या शेजारच्या तालुक्यांतही पाहावयास मिळते.

जव्हारवर चौदाव्या शतकापासून मुकणे घराण्याची सत्ता होती. शेजारचा मोखाडा ब्रिटिश अमलाखालील ठाणे जिल्ह्यात होता. एकीकडे राजा, दुसरीकडे कलेक्टर. सामान्य आदिवासी शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक थोडाच होता. जव्हार संस्थानात 1918 मध्ये नगरपालिका आली खरी, पण राज्यकारभाराची अंतिम सूत्रे राजाकडेच राहिली. ब्रिटिश मुलखात 1937 साली प्रांतिक निवडणुका झाल्या. तथापि मताधिकार मालमत्ता आणि शिक्षणाशी जोडलेला असल्याने कष्टकरी आदिवासी त्याबाहेरच राहिला. वेठबिगारीविरुद्ध 1945 मध्ये तलासरी-डहाणू पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला, तो या पार्श्वभूमीवर.

रक्तपाताविना सत्तांतर

1948 मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि शतकानुशतकांची सत्ता रक्तपाताविना संपली. यामागे दोन कारणे ठळक दिसतात. पहिले, पायउतार होणाऱ्याला सन्मानाची वाट ठेवण्यात आली. संस्थानिकांना तनखा आणि पदव्या मिळाल्या. 1971 च्या घटनादुरुस्तीने त्या रद्द होईपर्यंत लोकशाही पुरेशी रुजली होती. दुसरे, जुन्या सत्ताधाऱ्याला नव्या व्यवस्थेचे दार खुले राहिले. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे 1962 मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले. जो राजा होता, त्याला प्रजेकडे मत मागावे लागले.

एकपक्षीय राजवटींचा अनुभवही याहून फार वेगळा नाही. तैवानमध्ये 1987 साली लष्करी कायदा उठला, 1996 मध्ये अध्यक्षाची पहिली थेट निवडणूक झाली आणि 2000 मध्ये पराभूत कुओमिंतांग पक्षाने निमूटपणे सत्ता सोडली. तेथे स्थानिक निवडणुका 1950 पासूनच होत होत्या, हे विशेष. मेक्सिकोत 1929 पासून सत्तेवर असलेला पक्षही 2000 मध्ये मतपेटीतूनच हरला. याउलट इराकमध्ये 2003 साली बाथ पक्ष आणि लष्कर एका फटक्यात मोडीत काढण्यात आले. नोकरी आणि भवितव्य गमावलेले हजारो सशस्त्र लोक रस्त्यावर आले आणि देश यादवीत सापडला.

मतानंतरचा प्रश्न

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जव्हार आणि मोखाडा या दोन्ही ठिकाणच्या प्रौढांना सारखाच मताधिकार मिळाला. परंतु मत मिळाले म्हणून निर्णयाचा अधिकार मिळाला, असे झाले नाही. जंगल खात्याकडे, पैसा सावकार आणि ठेकेदाराकडे आणि योजना जिल्ह्याच्या मुख्यालयात राहिल्या. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हा या भागाने चार दशके मतदान केलेले होते. लोकशाही दुष्काळ रोखते, पण रोजच्या अर्धपोटी जगण्याबाबत सुस्त राहते, या अमर्त्य सेन यांच्या मांडणीचा प्रत्यय येथे येतो. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे; त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेने 1996 मध्ये पेसा कायदा केला. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. त्यानुसार पाडाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवू शकतो. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय 2015 मध्ये झाला. कागदावर हे सत्तेचे दुसरे हस्तांतरण आहे. ते प्रत्यक्षात येण्यासाठी हिशेब वाचता येणारी, ग्रामसेवकाला जाब विचारणारी आणि रोजगारासाठी गाव न सोडावे लागणारी माणसे हवीत. पावसाळा संपताच वीटभट्ट्यांकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांवाचून भरणारी ग्रामसभा अपुरीच ठरते.

सत्ता वर सरकण्यास मात्र वेळ लागत नाही. कोविड आणि आरक्षणाच्या वादामुळे राज्यातील अनेक पालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडणुका घेण्यासाठी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. त्या काळात शहरी नागरिकालाही लोकप्रतिनिधीविना कारभाराचा अनुभव आला. हुकूमशाही संपवण्याचा मार्ग शोधणाऱ्या देशांसाठी जव्हारचा पहिला धडा दिलासा देणारा आहे : राजाला शांततेने पायउतार करता येते. दुसरा धडा सावध करणारा आहे : त्याने सोडलेली सत्ता मधल्या कोणी उचलू नये, यासाठी निवडणुकीनंतरही अनेक वर्षे झटावे लागते. जव्हार-मोखाड्यात ते काम अद्याप सुरूच आहे.