अंतराचं भाडं

बदलापुरात वन बीएचकेला वर्षाचं जेवढं भाडं पडतं, तेवढं दादर-माटुंग्याला दोन-अडीच महिन्यांत जातं. हा एवढा एकच हिशेब समोर ठेवला, तर मुंबई सोडून लांब राहायला जाण्याचा निर्णय कुणालाही सोपा वाटेल. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत असंख्य मराठी कुटुंबांनी तो घेतला. परळ, लालबाग, गिरगाव सुटलं आणि डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, तिकडे नालासोपारा-विरार जवळचं झालं. यंदाचा दिवाळी अंक आम्ही या निर्णयाच्या जमाखर्चाला वाहिला आहे, कारण तो जमाखर्च आजवर अर्धाच मांडला गेला, असं आमचं ठाम मत आहे. घरखर्चाच्या वहीत भाडं येतं, हप्ता येतो, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा, मुलांची फी, रेल्वेचा पास येतो. माणसाचे तास कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

ते एकदा मांडून पाहू. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी दीड तासाच्या आसपास. त्याआधी स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, तिची रांग, फलाटावर आपल्या डब्याच्या जागी आधीच जाऊन उभं राहणं. उतरल्यावर पुन्हा बस किंवा पायपीट. दाराला कुलूप लावल्यापासून ऑफिसात हजेरीचा अंगठा लागेपर्यंत दोन तास सहज जातात, परतताना तेवढेच. रोजचे चार, महिन्याचे शंभर, वर्षाचे बाराशे तास. रात्री धरून अख्खे पन्नास दिवस झाले. आठ तासांची पाळी धरली तर दीडशे पाळ्या, आणि त्यांचा पगार कुणी देत नाही. भाड्यात वाचलेल्या पैशांतून ही रक्कम वजा करून बघा. शिल्लक राहते, पण ती वाटली होती तेवढी नक्कीच नसते.

या बाराशे तासांतला जड वाटा बाईच्या अंगावर येतो. पाणी पहाटे येत असेल तर ते भरण्यासाठी तिला त्याही आधी उठावं लागतं. पोळ्या, दोन-तीन डबे, मुलाचं आवरणं, आणि मग ठरलेली गाडी. अंबरनाथच्या कितीतरी बायका आधी डाऊन गाडीने उलट्या बदलापूरला जातात आणि तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसून मुंबईकडे निघतात. बसायची जागा मिळावी म्हणून झोपेतला अर्धा तास त्या रोज मोजून देतात. संध्याकाळी लेडीज डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि तिचं कौतुक करणारे लेखही पुष्कळ छापून आले आहेत. आम्हाला त्या दृश्याचं कौतुक वाटत नाही. घरी पोचेपर्यंत आठ वाजणार आणि पोचल्यावर भाजी निवडायला वेळ उरणार नाही, म्हणून ती निवडते आहे. पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर धावली. तिशी उलटून गेली तरी अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. पाळणाघराची वेळ साडेसातची आणि गाडी मुंब्र्याच्या अलीकडे थांबलेली, अशा वेळी मोबाइलवर पाळणाघरातल्या काकूंची माफी मागणारा आवाज ज्यांनी शेजारच्या सीटवरून ऐकला आहे, त्यांना हा खर्च वेगळा समजावून सांगायला नको.

आणि काही वेळा ही किंमत जिवाने चुकवली जाते. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २,५९० माणसं गेली, असा आकडा उच्च न्यायालयापुढे आला. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही दगावले. वेळ कामाला निघण्याची. दारात उभं राहणाऱ्याला बेशिस्त म्हणणं सोपं असतं. आत पाय ठेवायला जागा नसते आणि पुढची गाडी धरली तर लेटमार्क लागतो, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं.

लांबच्या गावात बाकीच्या गोष्टी तरी स्वस्त असाव्यात, ही अपेक्षाही पुरी होत नाही. दूध, डाळ, गॅस सगळीकडे जवळपास सारखंच. मुंबईत रात्री छातीत दुखू लागलं, तर केईएम, नायर, सायन यांपैकी एक पालिका रुग्णालय आवाक्यात असतं. गर्दी असते, खाट मिळेलच असं नाही, पण केसपेपरवर तपासणारा तज्ज्ञ डॉक्टर असतो. पलीकडच्या शहरांत अशी रुग्णालयं थोडी आणि तोकडी. आधी जवळचं खासगी नर्सिंग होम, तिथे डिपॉझिट आणि नंतर बहुतेकदा रुग्णवाहिकेने पुन्हा मुंबईच. जानेवारी २०२२ पासून मुंबई महापालिकेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. मुंबईतल्या छोट्या घरांना तो दिलासा हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र मुंबईत घर परवडलं नाही म्हणून कल्याण-बदलापूरला तेवढंच घर घेणाऱ्याला तो दिलासा नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. मुंबईला रोज सुमारे ३,८०० ते ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं आणि त्यातलं बहुतेक भातसा, तानसा, वैतरणा या बाजूने, म्हणजे ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरातून येतं. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. मुंबईच्या मोठमोठ्या जलवाहिन्या ठाणे जिल्ह्यातून जातात आणि त्याच जिल्ह्यातल्या सोसायट्या टँकरसाठी वर्गणी काढतात. शहराच्या स्वस्त पाण्यातला हा वाटा कुणी उचलला, तेही हिशेबात धरायला हवं.

शहर महाग असतं, हेही सगळ्यांच्या बाबतीत सारखं खरं नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे आजोबांच्या नावावर गिरगावात पागडीची खोली असलेल्या कुटुंबाला मुंबई आजही स्वस्त आहे, आणि काल नोकरीला लागलेल्या मुलाला त्याच गल्लीत अकरा महिन्यांच्या करारावर राहायला अर्धा पगार पुरत नाही. घरकाम करणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या माणसांचा हिशेब मात्र आम्हाला सगळ्यांत चोख वाटतो. गोवंडीत किंवा धारावीत दहा बाय दहाच्या खोलीला ती भाडं भरतात, पाणी हंड्यावर विकत घेतात आणि तरी हलत नाहीत. कामाच्या चार घरांपर्यंत चालत जाता येतं, मूल आजारी पडलं तर मधल्या वेळेत घरी येता येतं. जवळ असण्याची किंमत त्यांना कळली आहे. म्हणूनच पुनर्वसनाची घरं लांब मिळाली की त्यांतले कितीतरी जण पुन्हा जुन्या वस्तीजवळ भाड्याने खोली शोधतात.

हे अंतर आपोआप वाढलेलं नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगारांचं काम आणि घर एकाच भोंग्याच्या टापूत होतं. संप लांबला, गिरण्या बंद पडत गेल्या. गिरण्यांच्या जमिनींतला मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि म्हाडाच्या घरांना देणारा १९९१ चा नियम २००१ मध्ये बदलून पातळ केला गेला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. त्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. आता उरलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं देऊ केली आहेत ती शेलू आणि वांगणीला, बदलापूरच्याही पुढे. ‘आम्हाला मुंबईतच घर द्या’ म्हणत जुलै २०२५ मध्ये ही माणसं आझाद मैदानात आली, तेव्हा ‘फुकटात मिळतंय तरी नखरे’ असा सूर सोशल मीडियावर लागला. घर फुकट नव्हतं, हे तर झालंच. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला औषधाला, पेन्शनच्या कामाला, लेकीला भेटायला दर वेळी दोन तासांचा प्रवास लावून द्यायचा आणि वर त्याने आभार मानायचे, ही अपेक्षाच मुळात क्रूर आहे. आम्ही त्या कामगारांच्या बाजूने आहोत.

याचा अर्थ पलीकडचं जगणं उणं आहे असा कुणी काढू नये. चाळीच्या खोलीत आठ जण झोपणाऱ्या घराला डोंबिवलीने पहिल्यांदा मुलांच्या अभ्यासाचं टेबल दिलं, दोन खिडक्या दिल्या. नरक चतुर्दशीच्या सकाळी फडके रोडवर नवे कपडे घालून जी तरुणाई जमते, तिचा उत्साह मुंबईच्या कुठल्याही रस्त्याने हेवा करावा असा असतो. आमच्या अंकाचे निम्म्याहून अधिक वर्गणीदार ठाण्यापलीकडचे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं वाचन गाडीतच होतं. या गावांवर आमचं प्रेम आहे, म्हणूनच ती नुसती झोपायला येण्याची गावं राहू नयेत असं वाटतं. तिथे कार्यालयं हवीत, मोठी सरकारी रुग्णालयं हवीत, पंधरा डब्यांच्या गाड्या आणि जादा मार्ग हवेत. मुंबईत रिकाम्या होणाऱ्या प्रत्येक सरकारी आणि गिरणीच्या जमिनीवर आधी कामगाराच्या ऐपतीची भाड्याची घरं हवीत. विकायची नव्हे, भाड्याची, कारण नोकरी बदलली की माणसाला घर बदलता आलं पाहिजे. आणि ‘परवडणारं घर’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रत्येकाने, मग ते सरकार असो की बिल्डर, सकाळी आठच्या गर्दीत तिथून मंत्रालयापर्यंत किती वेळ लागतो हे किमतीच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं, अशी सक्ती व्हावी.

वाचकांकडे एक मागणं आहे. अंकाच्या शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता दिला आहे. भाडं किंवा हप्ता, जाण्या-येण्याचे तास, आठवड्यातून पाणी येण्याचे दिवस, आजारपणात गाठावं लागलेलं रुग्णालय आणि त्याचं अंतर, एवढंच त्यात भरायचं आहे. नाव लिहिण्याची गरज नाही. घरातल्या बाईचे तास वेगळ्या ओळीत लिहा आणि ते तिलाच विचारून लिहा. आलेले सगळे तक्ते एकत्र करून आम्ही ते ठाणे, पालघर आणि रायगडच्या आमदार-खासदारांना पाठवणार आहोत, आणि त्यांची उत्तरं आली की पुढच्या अंकात जशीच्या तशी छापणार आहोत. दिवाळीच्या सुट्टीत अर्धा तास काढून तेवढं भराच.