किती मजले? आधी पाणी किती ते सांगा!

मैत्रिणींनो, पारोळ्याहून जळगावला गेलेल्या बाईला 'सतरा मजली' ठाऊक नाही असं होत नाही. महापालिकेची ती इमारत; लोक पत्तासुद्धा तिच्या खुणेनं सांगतात. त्याच शहरातली गरिबांची घरकुलंही आठवा. हजारो घरं बांधायची ठरली, बरीचशी पुरी झालीच नाहीत, आणि 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयानं त्या प्रकरणात 48 जणांना दोषी ठरवलं. टोलेजंग कचेरी उभी राहिली, साधी घरं राहून गेली.

आता मजल्यांची हौस तालुक्याच्या गावातही आली आहे. डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली नगरपालिकांनाही लागू आहे. 15 मीटरहून उंच इमारतीला लिफ्ट हवीच, असं ती सांगते. बरोबरच आहे. पण लिफ्टचं वीजबिल, दुरुस्ती, खालच्या टाकीतलं पाणी वर चढवणारा पंप, हा खर्च जन्मभराचा. वीज गेली की गुडघे धरून बसलेल्या सासूबाई चौथ्या मजल्यावर अडकतात आणि कळशी घेऊन जिना चढायची पाळी आपलीच! उन्हाळ्यात बोरी नदीचं पात्र कसं दिसतं, हे का मी सांगायला हवं?

उंच बांधूच नये, असं माझं म्हणणं नाही. गाव शेतात पसरत गेलं तर कपाशीची काळी जमीन जाते, हेही खरं. पण हीच काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया मुरमापर्यंत किंवा इंजिनिअर सांगेल तेवढा खोल न्यावा लागतो. तो पैसा कुणाला दिसत नाही, म्हणून तिथंच काटकसर होते. आपणही फ्लॅट बघताना फरशी आणि ओटा बघतो. स्लॅबला किती दिवस पाणी मारलं, हे कुणी विचारतं का? किमान सात दिवस तरी हवं, मिश्र सिमेंटला दहा. आपल्याकडच्या उन्हात तर जास्तच.

आणि गच्ची! माय वो, बिबडे कुठं वाळवायचे? वर टाक्या, सोलरचे पत्रे आणि दाराला कुलूप. पुरुषमंडळींना हा प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण घर वापरतं कोण? बुकिंगची पावती फाडण्याआधी पाया, पाणी, जिना आणि गच्चीची किल्ली यांची चौकशी आपणच करायची. नवऱ्याबरोबर साइटवर जाऊन, बिल्डरच्या तोंडावर.