दुहेरी सायलेन्सर : आवाजापेक्षा धूर घातक

उरण-पनवेल पट्ट्यात बंदराच्या अवजड वाहतुकीची वर्दळ आधीच मोठी. त्यात चिरनेरसारख्या गावातून दुहेरी सायलेन्सर बसवलेला पिकअप टेम्पो रात्री धडधडत गेला, की झोपमोड होते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि १० डेसिबल वाढले, की ध्वनीची तीव्रता दहापट होते. वारंवारच्या झोपमोडीचा रक्तदाबावरही परिणाम होतो.

धुराचा धोका मात्र ऐकू येत नाही. सायलेन्सर बदलताना काजळी अडवणारा फिल्टरही कापून टाकला, तर ती थेट फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण कारवाई चालकापाशी न थांबता फिल्टर कापणाऱ्या गॅरेजपर्यंत पोहोचायला हवी.