टॉलस्टॉयचं पिग्मी खातं

जाडजूड पुस्तक हे एकट्याने, दार लावून आणि कपाळाला आठ्या घालून वाचायचं असतं, असा एक समज आपल्या सुशिक्षित समाजात घट्ट रुजलेला आहे. लग्न चारचौघांत करावं, जेवण पंगतीत करावं, भांडण तर सोसायटीच्या मीटिंगमध्येच करावं. टॉलस्टॉय मात्र एकांतात वाचावा, असं ही मंडळी मानतात. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. 'वॉर अँड पीस' एकट्याने वाचणारा माणूस हा एकट्याने कबड्डी खेळणाऱ्या माणसासारखा असतो. दमतो भरपूर, पण हाती कोणाचा पाय लागत नाही.

आता हे सांगणारा मी कोण, असं तुम्ही विचाराल. विचारा. मी बी.कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसतो. साहित्याशी माझा अधिकृत संबंध म्हणजे खातेदारांचे तक्रारअर्ज. पण आमच्या सोसायटीतल्या सात जणांनी मिळून हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, त्याचा मी साक्षीदार आहे; आणि आमच्या धंद्यात साक्षीदाराच्या सहीला किंमत असते. सात जण म्हणजे विम्यातून निवृत्त झालेले काका, तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार, इंग्रजी शिकवणाऱ्या बाई, औषधांचे दुकानदार, एक कॉलेजकन्यका, पहिल्या मजल्यावरच्या आजी आणि मी. आजींना इंग्रजी येत नाही. म्हणून बाई मॉड दांपत्याचं इंग्रजी भाषांतर हातात धरून मराठीत सांगत जायच्या. हे मॉड पतिपत्नी टॉलस्टॉयला प्रत्यक्ष ओळखत होते. आजींना ते कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग घरचंच आहे, वाचा."

या उपक्रमाला पहिल्या दिवसापासून तीन पक्षांनी विरोध केला. तिघांचाही समाचार घेतल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पहिला पक्ष 'थोडक्यात सांगा'वाल्यांचा. जिन्यात गाठ पडली की हे विचारतात, "एवढं काय आहे हो त्या पुस्तकात? थोडक्यात सांगा ना!" यांच्या फोनवर हल्ली कुठल्याही ग्रंथाचा पाच मिनिटांत अर्क मिळतो. त्यांच्या सोयीसाठी मी तो पाच सेकंदांत देतो, आणि तोही विनाशुल्क: १८१२ साली नेपोलियन रशियात गेला आणि परत आला. झालं! हा सारांश अगदी बरोबर आहे. ताळेबंदाची शेवटची बेरीजही बरोबरच असते. पण त्या बेरजेखाली कोणाच्या मुलीचं लग्न आहे, कोणाचं आजारपण आहे आणि कोणाची बुडालेली ठेव आहे, हे बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी व्हाउचरं चाळावी लागतात. टॉलस्टॉयने पाचशेच्या वर माणसांची व्हाउचरं लावून ठेवली आहेत. ज्याला नुसती बेरीज हवी त्याने खुशाल न्यावी, पण हिशेब तपासल्याची सही करू नये.

दुसरा पक्ष मोजदादवाल्यांचा. यांचं वर्षाला शंभर पुस्तकांचं टार्गेट असतं. टार्गेट या शब्दाने माणसाचं काय होतं हे बँकेतल्या माणसाला निराळं सांगायला नको. ही मंडळी रशियन कादंबरीच्या वाटेला जातच नाहीत, कारण तेवढ्या वेळात दहा किरकोळ पुस्तकं उरकतात. यांना माझा सवाल सरळ आहे: रोज पाच मिनिटांची पिग्मी भरणारा पानवाला वर्षाअखेरीस श्रीमंत होतो की नाही? 'वॉर अँड पीस'ची प्रकरणं सर्वसाधारणपणे ३६१ मोजतात आणि बहुतेक चारपाच पानांची आहेत. दिवसाला एक प्रकरण भरलं की वर्षात खातं पूर्ण, वर चार दिवस सुट्टी शिल्लक. त्यातला एक दिवस मी ३१ मार्चला वापरला. उरलेले तीन गणपतीत गेले.

पण एकट्याची पिग्मी टिकत नाही, हा आमचा बँकेतला अनुभव. एजंट दारात येऊन उभा राहतो म्हणून माणूस पैसे भरतो. तो यायचा बंद झाला की खातं निद्रिस्त. इथे एजंटचं काम शेजारी करतो. रात्री साडेआठला काका जिन्यातून "चला हो, मॉस्को!" अशी हाक मारत, तेव्हा पाहत असलेली मॅच सोडून उठावंच लागे. लोकलज्जेला उगाच नावं ठेवतात. लोकलज्जा नसती तर अर्ध्या महाराष्ट्राने सकाळी दाढी केली नसती.

तिसरा पक्ष सगळ्यांत अवघड, कारण तो विद्वान आहे. समोरच्या इमारतीत असे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या कपाटात या कादंबरीची दोन वेगवेगळी भाषांतरं आहेत. त्यांनी मला फाटकात गाठून ऐकवलं, "वाचन ही अत्यंत खाजगी अनुभूती आहे. घोळक्याने वाचायला ती काय पोथी आहे? तुम्ही लोक त्यातलं गॉसिप तेवढं उचलणार."

या गृहस्थांना माझं उत्तर असं. एक, ही कादंबरी जन्मलीच मुळी घोळक्यात. तिचे पहिले भाग १८६५ आणि १८६६ साली 'रस्की वेस्तनिक' नावाच्या मासिकात '१८०५' या मथळ्याखाली क्रमशः आले. १८६६ सालीच त्याच मासिकात दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट'ही क्रमशः चालू होती. विचार करा, एका वर्गणीत दोघे! पुढचा अंक येईपर्यंत सगळा वाचक एकाच पानावर अडकलेला. कोणी कितीही विद्वान असला तरी पुढचं वाचून भाव खायची सोय नाही. मग माणसं बोलणार नाहीत तर काय करणार? एकांताचं कलम या करारात नंतर घुसडलेलं आहे. दोन, लेखकाची बायको सोफिया ही त्याच्या खाडाखोडीच्या हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती पुन्हा पुन्हा काढत बसायची. म्हणजे पुस्तक लिहितानासुद्धा गडी एकटा नव्हता. तीन, डिसेंबर २०१५ मध्ये रशियात ही सबंध कादंबरी चार दिवसांत जाहीरपणे मोठ्याने वाचली गेली. वाचणारे तेराशेच्या वर होते आणि त्यात अंतराळ स्थानकातला एक अंतराळवीरही होता. आणि २०२० च्या मार्चमध्ये सगळं जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा अमेरिकेतल्या यियुन ली या लेखिकेने रोज बारा-पंधरा पानं या हिशेबाने ८५ दिवसांत हीच कादंबरी देशोदेशींच्या लोकांसोबत वाचली. त्या दिवसांत एकांताची टंचाई कोणालाच नव्हती. तरीही माणसांनी सोबत शोधली.

चौथा पुरावा खुद्द टॉलस्टॉयचा. त्याच्या दुसऱ्या मोठ्या कादंबरीत अ‍ॅना कारेनिना रात्रीच्या गाडीत छोटा दिवा लावून एकटीच इंग्रजी कादंबरी वाचत बसते. पुढे तिचं काय झालं हे सर्वांना माहीत आहे. मी आणखी काही बोलत नाही.

रशियन नावं लक्षात राहत नाहीत, ही तक्रार तर मराठी माणसाने करूच नये. प्योत्र किरिलोविच बेझुखोव म्हणजे किरिलचा मुलगा प्योत्र, आडनाव बेझुखोव. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव! आमच्या बँकेच्या फॉर्मवर हेच तीन रकाने आहेत. आणि त्याच प्योत्रला सगळे पिएर म्हणतात, नताल्याची नताशा होते, याचं नवल त्या समाजाला वाटावं, जिथे पासपोर्टावरचा पुरुषोत्तम घरात बंड्या असतो?

आता गॉसिपचा आरोप. तो मला मान्य आहे. पण ते गॉसिप कसलं, ते ऐका.

निकोलाय रोस्तोव हा तरुण दोलोखोव नावाच्या इसमाशी पत्ते खेळतो आणि त्रेचाळीस हजार रूबल हरतो. बापाने नुकतेच दोन हजार देऊन जपून वापर म्हणून बजावलेलं. त्रेचाळीसच का? तर दोलोखोवला सोन्याने नकार दिलेला आहे, ती निकोलायवर जीव टाकते, आणि तिचं वय अधिक त्याचं वय बरोबर त्रेचाळीस! त्या आकड्यापर्यंत पोचेस्तोवर दोलोखोव डाव थांबवत नाही. मी आजवर हजारो थकीत कर्जं पाहिली, पण सूडाने ठरवलेली मुद्दल प्रथमच पाहिली. पुढे हाच निकोलाय घरचा कारभार सुधारायला येतो, हिशेबात सातशे रूबल दिसत नाहीत म्हणून कारभाऱ्याला हाकलून देतो. मग बाप त्याला हळूच समजावतो, की बाळा, ती रक्कम पुढे ओढली होती, तू दुसरं पान उलटलंच नाहीस. या ठिकाणी मी इतका हसलो, की आजींनी पाणी आणून दिलं. बाकी सहा जण माझ्याकडे बघत राहिले. मग मी त्यांना शिल्लक पुढे ओढणं म्हणजे काय ते समजावलं, आणि तेही हसले. सांगा, विद्वान गृहस्थांना त्यांच्या बंद खोलीत हे कोण समजावणार?

औषधांच्या दुकानदारांचा दिवस बोरोदिनोच्या लढाईला उजाडला. त्या दिवशी नेपोलियनला सर्दी झाली होती म्हणून तो जिंकला नाही, असं म्हणणाऱ्या इतिहासकारांची टॉलस्टॉय यथेच्छ टिंगल करतो. तसं असेल तर नेपोलियनला पाण्यात चालणारे बूट द्यायला विसरला तो नोकर रशियाचा तारणहार ठरतो, असा त्याचा युक्तिवाद. दुकानदार म्हणाले, "पंचवीस वर्षं सांगतोय, सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर आठवड्यात. या माणसाला ठाऊक होतं."

नताशा वाग्दत्त असताना दुसऱ्याबरोबर पळून जायला निघते, त्या रात्री कॉलेजकन्यका आणि काका यांच्यात खडाजंगी झाली. शेवटी आजींनी निकाल दिला: "पोरीचं सोडा. लग्न ठरल्यावर वर्षभर थांबा म्हणणारा तो नवऱ्यामुलाचा बाप आधी बघा. सोळा वर्षांच्या पोरीला वर्षभर ताटकळत ठेवायचं आणि मग नावं ठेवायची?" नवरामुलगा प्रिन्स आंद्रेई किती थोर आहे हे बाईंनी सांगून पाहिलं. आजी म्हणाल्या, "थोर असतील. बापापुढे बोलले का?" यावर कोणापाशी उत्तर नव्हतं. आजींचं स्वतःचं लग्न दोन वर्षं लांबलं होतं, हे मला त्या रात्री घरी आल्यावर आईकडून कळलं.

आणि सुभेदार. ते पहिला महिनाभर एक शब्द बोलले नव्हते. येत, भिंतीशी बसत, चहा घेऊन जात. मग तुशिनचं प्रकरण आलं. तुशिन हा तोफखान्यातला एक किरकोळ अधिकारी, ठेंगणा, सुरुवातीला वरिष्ठांसमोर बिनबुटांचा सापडून ओशाळलेला. १८०५ च्या एका लढाईत त्याच्या तोफांच्या संरक्षणाला ठेवलेली तुकडी निघून जाते, त्याला सगळे विसरतात, आणि तो तसाच लढत राहतो. संध्याकाळी वरिष्ठ त्यालाच विचारतात, तोफा मागे का टाकल्यास? संरक्षणाला कोणी नव्हतं, एवढंच त्याने सांगायचं असतं. तो सांगत नाही; दुसरा कोणी अधिकारी अडचणीत येईल म्हणून गप्प उभा राहतो. शेवटी प्रिन्स आंद्रेई त्याच्या बाजूने बोलतो.

सुभेदार म्हणाले, "परत वाचा."

बाईंनी परत वाचलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लिहिणारा तोफखान्यात होता का?" कॉलेजकन्यकेने शोधून सांगितलं, की होता, क्रिमियाच्या युद्धात, सेवास्तोपोलला. "वाटलंच," म्हणाले. "माणूस बोलत नाही. बोललं की दुसऱ्याचं नाव येतं." त्या दिवशी ते चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवसापासून मात्र सर्वांच्या आधी येऊन सतरंजी तेच घालू लागले. त्यांच्या सुनेने नंतर माझ्या पत्नीला सांगितलं, की नोकरीतलं काही म्हणून त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. हल्ली नातवाला एखाददुसरी गोष्ट सांगतात.

मी फाटकात विद्वान गृहस्थांना तुशिनविषयी विचारलं. ते म्हणाले, "तो एक गौण पात्र आहे."

भांडण आहे ते इथे. त्या दोन भाषांतरांवर धूळ नाही, हे मी जाणतो. पण थोर पुस्तकं ही परीक्षा पास झालेल्यांची खाजगी मालमत्ता आहे आणि बाकीच्यांनी सारांशावर समाधान मानावं, असं या देशात पुष्कळांना हळूहळू पटवून दिलं गेलं आहे. पटल्यामुळे ते पुस्तक उघडत नाहीत; उघडलंच तर पहिल्या पानावरचं फ्रेंच पाहून मिटतात आणि दोष स्वतःला देतात. सात जणांत बसलं की कळतं, फ्रेंच कोणालाच येत नाही.

आमचं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. शेवटच्या भागात टॉलस्टॉय गोष्ट सोडून इतिहास आणि माणसाची इच्छाशक्ती यावर जे व्याख्यान देतो, तिथे आजी झोपल्या, दुकानदार हिशेब तपासू लागले आणि काका जागे आहेत की नाहीत हे चष्म्यामुळे समजेना. पण उठून कोणी गेलं नाही. शेजाऱ्याच्या आधी उठायचं कसं? असं करत करत शेवटचं पान आलं. एकट्याने वाचणारे किती जण हे पान पाहतात, ते त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं.

तेव्हा तुमच्याही कपाटात एखादा जाडजूड रशियन उभा असेल, तर आधी चष्मा शोधू नका, माणसं शोधा. जिना उतरा, दोन दारं वाजवा. सतरंजी कोणाकडे तरी असतेच. रोज एक प्रकरण भरा. या खात्याला केवायसी लागत नाही.