शनिवारचा बंद घाणा

मिसर देशातून निघालेल्या इस्रायली लोकांची गोष्ट आपण परकी समजतो. पण तिचा एक धागा आपल्या कोकणात आहे! अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे बेने इस्रायल सांगत आले. तेल गाळणारे हे लोक शनिवारी काम करीत नसत, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावे पेणकर, केहीमकर, बोली मराठी.

कागद नाही, म्हणून ही दंतकथाच, असे काही विद्वान म्हणतात. मग पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी बंद राहिलेला घाणा हा पुरावा नव्हे काय? १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले, तर तिथेही १९६४ पर्यंत त्यांच्या ज्यूपणावर शंका!

गणेशपुरीत माझ्या आजीला अक्षरओळख नाही. आमच्या घराण्याचा इतिहास तिच्याच तोंडी आहे. तो मी यंदा वहीत उतरवू लागलो आहे.