जखम आमची, प्रयोगशाळा कुणाची?

भिलाईहून भाचीचा फोन आला. रायपूरला बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करते. वडील स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे मजुरीला. तिने एका महानगरातल्या प्रयोगशाळेची जाहिरात पाठवली होती. विषय ट्रॉमाचा, म्हणजे हिंसा, अत्याचार, अपघात यांच्या आघाताने मेंदूत काय बदलते याचा अभ्यास. सहा महिन्यांचे प्रशिक्षण. एमआरआयच्या प्रतिमा वाचायला शिकवणार, आघात सोसलेल्या माणसांच्या मुलाखती घ्यायला शिकवणार. अटी अशा: प्रयोगशाळेत काम केल्याचा अनुभव हवा, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे हवीत, राहण्या-जेवणाची सोय स्वतःची. मानधन नाही.

"मामा, सहा महिने एक रुपया मिळणार नाही, तर मी राहू कुठे आणि खाऊ काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने अर्ज भरला नाही. प्रयोगशाळेच्या दप्तरात ती कधीच 'नाकारलेली उमेदवार' म्हणून दिसणार नाही. ती तिथे पोहोचलीच नाही. जातीचे दार असेच चालते. कुणी हात धरून बाहेर काढत नाही, दाराची उंचीच अशी ठेवतात की आपण आपल्या पायांनी परत फिरावे.

कुणी म्हणेल, पाणी, जमीन, शिक्षण, नोकरी हे प्रश्न पडलेले असताना मेंदूच्या प्रयोगशाळेचे काय घेऊन बसलात? तर ऐका.

आघात कशाला म्हणायचे, हे आकाशातून पडलेले नाही. पीटीएसडी हा आजार अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत 1980 साली आला. व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक आणि स्त्री चळवळीतल्या बायका भांडल्या म्हणून आला. त्याच यादीच्या 2013 च्या आवृत्तीत निकष असा आहे: मृत्यू किंवा मृत्यूची भीती, गंभीर इजा, लैंगिक हिंसा. रोज शाळेत मागे बसवणे, आडनाव विचारणे, वेगळा कप ठेवणे, 'कोट्यातला' म्हणून हसणे या निकषात बसत नाही. म्हणजे जो खोलीत हजर असतो त्याची जखम व्याख्येत जाते. जो बाहेर असतो त्याची जखम 'स्वभाव' ठरते.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय हे ओळखून आहेत. अटलांटाच्या ग्रेडी हॉस्पिटलमधल्या ट्रॉमा प्रकल्पातून 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 55 कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यांनी सोसलेल्या वंशभेदाबद्दल विचारले आणि त्यांच्या मेंदूचे स्कॅन केले. वंशभेदाचा अनुभव जितका जास्त, तितका धोक्याची चित्रे बघताना मेंदूच्या काही भागांचा प्रतिसाद जास्त. इतर आघातांचा आणि पीटीएसडीच्या लक्षणांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हे उरले.

2023 मध्ये 9-10 वर्षांच्या हजारो मुलांच्या स्कॅनचा अभ्यास आला. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या मेंदूच्या काही भागांच्या आकारात थोडा फरक दिसत होता. शंभर वर्षांपूर्वीचा वंशशास्त्री इथेच थांबला असता आणि म्हणाला असता, बघा, वंशच कमी प्रतीचा. या संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: घरातले उत्पन्न किती, वस्ती कशी, वाट्याला काय आले? फरकाचा बराच भाग तिथे सापडला, त्यातही सर्वाधिक वेळा उत्पन्नात.

आता भारतात या. उद्या एखाद्या प्रयोगशाळेने वस्तीतल्या मुलांचे स्कॅन काढले आणि फरक दिसला, तर पुढचा प्रश्न कोण विचारणार? ज्याने आयुष्यात जात सोसली नाही, तो जात हा रकाना तरी भरून घेईल का? आणि घेतलाच, तर 'दलितांचा मेंदूच वेगळा' असा मथळा छापून यायला किती दिवस लागतील? म्हणून आमची मुले तिथे हवीत. कीव म्हणून नको, शास्त्र चुकू नये म्हणून हवीत.

हे शास्त्र भारतात आहे, आणि जागतिक दर्जाचे आहे. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी दाखवले की दीर्घ ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या खुरटतात आणि भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालातल्या वाढतात. एकदाच, फक्त 2 तास जखडून ठेवलेल्या उंदराच्या अमिग्डालात 10 दिवसांनी नवे जोड दिसले. उंदीर आणि माणूस एक नव्हेत. पण 2 तासांची नोंद 10 दिवसांनी सापडते, तर पिढ्यान् पिढ्यांच्या जखडण्याबद्दल प्रश्न विचारायला हरकत कुणाची?

हरकत कायद्यात लिहिलेली आहे. केंद्रीय शिक्षणसंस्थांत प्रवेशासाठी आरक्षणाचा कायदा 2006 चा, अध्यापकांच्या जागांसाठीचा 2019 चा. दोन्हींच्या कलम 4 मध्ये सूट आहे आणि सूट मिळालेल्या संस्थांची अनुसूची शेवटी जोडलेली आहे. तीत मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आणि एनसीबीएस हे तिचेच केंद्र. एक अनुसूची आमची, जिच्यामुळे आम्ही अनुसूचित. एक अनुसूची त्यांची, जिच्यामुळे ते आमच्यापासून मुक्त. या यादीतली एखादी संस्था आपणहून जागा राखत असेलही. पण मर्जी म्हणजे हक्क नव्हे. मर्जी आज असते, उद्या नसते.

'संशोधनात मेरिट लागते' हे उत्तर तयारच असते. कोणते मेरिट? सहा महिने फुकट राबण्याइतका बापाचा पैसा, हे मेरिट? ओळखीच्या प्राध्यापकाचे पत्र, हे मेरिट? आमच्या संशोधकांना हक्काच्या फेलोशिपसाठी 2023 मध्ये आझाद मैदानात बसावे लागले. रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन् महिने अडली होती. प्रयोग करायच्या वयात आमची पोरे धरणे धरतात, आणि मग विचारले जाते, अनुभव कुठे आहे?

रोहित, पायल तडवी, दर्शन सोळंकी यांच्यासारखा मृत्यू झाला की संस्था वेलनेस सेंटर उघडतात, समुपदेशक नेमतात. जात 'ताण' होऊन जाते, आणि ताण आमच्या डोक्यात असल्याचे आम्हालाच सांगितले जाते. आमचे डोके तपासायला प्रयोगशाळा आहे. त्याच डोक्याने विचार करून घ्यायला जागा नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत इंटर्नला मानधन आणि राहण्याची सोय द्या. जागा जाहीरपणे भरा, ओळखीच्या ईमेलवर नको. पहिल्या प्रशिक्षणासाठी आधीच्या अनुभवाची अट काढा. अर्ज किती आले, कुणाला घेतले, हे प्रवर्गानुसार दरवर्षी छापा. दोन्ही कायद्यांतली ती सूट रद्द करा. आणि आमच्या वस्त्यांत जखमेचा अभ्यास करायला येणार असाल, तर प्रश्न ठरवणाऱ्यांत आणि निष्कर्ष लिहिणाऱ्यांत आमची माणसे असू द्या.

भाचीला मी पुन्हा फोन केला. पुढच्या जाहिरातीला अर्ज भर म्हटले, आणि मानधनाचा रकाना रिकामा असेल तर तो का रिकामा आहे, हे त्यांना लेखी विचार. उत्तर आले तर इथे छापू. नाही आले तर तेही छापू.

जय भीम.